खडपाच्या कडेने स्नॉर्कलिंग : मालवण-वेंगुर्ल्याच्या छोट्या पुळणींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्ग किल्ल्यामागे होडीतून नेतात, रिंग धरायला देतात आणि पंधरा-वीस मिनिटं पाण्यात तोंड घालायला लावतात. ते स्नॉर्कलिंग वेगळं. इथली माहिती आहे ती स्वतःचा मास्क घेऊन, वाळूवरून चालत पाण्यात उतरणाऱ्यांसाठी. दोन डोंगरांच्या मधे दडलेली छोटी पुळण, दोन्ही टोकांना समुद्रात शिरलेलं खडप (खडकांची रांग) आणि गर्दी जवळपास नाही, अशी जागा डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं दिली आहेत.

अशी जागा नेमकी कशी ओळखायची?

खडप बघा. मधल्या स्वच्छ वाळूवर पोहायला छान वाटतं, पण तिथे दिसणार काय? एखादा खेकडा आणि आपलीच सावली. मासे, प्रवाळ, समुद्रफुलं, सगळा संसार खडकाला धरून असतो. म्हणून तारकर्ली-देवबागचा लांबलचक सरळ किनारा फोटोत कितीही देखणा असला तरी मास्क घालून तिथे हाती काही लागत नाही. देवबागच्या टोकाला कर्लीची खाडी समुद्राला मिळते. तिथे तर स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी) घेऊन उतरूच नये. ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी जोरात बाहेर पडतं आणि माणसाला सोबत घेऊन जातं.

निवतीच्या किल्ल्याखालची पुळण, मालवण गावातलाच अर्धचंद्राकृती चिवला किनारा, अशा जागांचा घाट चांगला. त्यातही उत्तरेच्या बाजूला डोंगर असलेली पुळण निवडा. आपल्याकडे दुपारचा वारा वायव्येकडून येतो. उत्तरेचा डोंगर तो अडवतो आणि त्याच्या कुशीतलं पाणी तासभर जास्त शांत राहतं.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात नद्यांनी आणलेला गाळ अजून बसलेला नसतो. मार्चपासून पाणी उबदार पण धूसर व्हायला लागतं. मेमध्ये दूर हिंदी महासागरातून आलेल्या लांब लाटा वारा नसतानाही खडपावर आपटतात. पावसाळ्याचा प्रश्नच नाही. मेअखेर होड्या ओढून वर घेतल्या जातात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि जलक्रीडाही सप्टेंबरपर्यंत बंद राहतात. अधूनमधून ऊन पडलं, समुद्र शांत दिसला, तरी त्या दिवसांत उतरू नका.

हिवाळ्यातही काही दिवस पाणी हिरवट, दाट होतं आणि रात्री लाटा निळ्या चमकतात. हा सूक्ष्म प्लवकांचा बहर. रात्री बघायला सुंदर, दिवसा मास्कमधून बघायला निरुपयोगी.

दिवस आणि वेळ कशी ठरवायची?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि विचारला सगळ्यात कमी जातो. मास्क कितीचा घ्यावा यावर लोक आठवडा घालवतात आणि मग पौर्णिमेच्या दुपारी तीन वाजता पाण्यात उतरतात.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. या किनाऱ्यावर तेव्हा भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग असतो, तेव्हा हा फरक मीटरभर किंवा त्याहून कमी. फरक कमी म्हणजे तेवढ्याच सहा तासांत कमी पाणी इकडचं तिकडे होतं, ओढ कमी लागते, तळाचा गाळ कमी ढवळला जातो. म्हणून दिवस निवडायचा तो भांगाचा.

आता वेळ. जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणा, येईल तो भरतीचा तास. दशमी असेल तर दहा पाऊण साडेसात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी दीड-दोनला पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. तो मुंबईच्या वेळेशी बऱ्यापैकी जुळतो. मालवण-वेंगुर्ल्याला भरती साधारण अर्धा ते एक तास आधी येते. नेमकी मिनिटं हवी असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, पण सहल कोणत्या आठवड्यात न्यायची हे ठरवायला पाऊणकी पुरते.

उतरायचं भरती पूर्ण होताना. तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी खडपापर्यंत आलेलं असतं आणि कालवं चिकटलेल्या दगडांवर आपण तरंगू शकू इतकी खोली असते. ओहोटीला त्याच दगडांवर पोट घासतं आणि आजूबाजूच्या वहाळांचं, खाड्यांचं मातकट पाणी पसरलेलं असतं.

तिसरी गोष्ट वारा. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे कामाला येतात. रात्रभर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे सकाळी पाणी तेलासारखं सपाट असतं. अकराच्या पुढे वारा उलटतो, दोनपर्यंत पाण्यावर पांढरे फेसाचे तुकडे दिसू लागतात आणि खडपाजवळचं पाणी दुधाळ होतं.

तीनही गोष्टी एकत्र मांडल्या की उत्तर निघतं ते असं : नवमी ते एकादशी, सकाळी सात ते साडेनऊ. भांगाचे दिवस, सकाळची भरती आणि पडलेला वारा एकाच वेळी मिळतात ते तेव्हाच, महिन्यातून दोनदा. रजा एकादशीला टाकता येत असेल तर टाका.

किनाऱ्यावर पोचल्यावर उतरायचं की नाही, हे कसं कळेल?

दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा थव्याने येतात. चार-पाच बारीक लाटांनंतर दोन-तीन मोठ्या. पहिल्या दोन मिनिटांत समुद्र शांत वाटतो, कारण मोठा थवा अजून यायचा असतो. मोठी लाट खडपावर फुटून डोक्यावर उडत असेल तर त्या दिवशी वाळूतच बसा.

मग छातीभर पाण्यात उभं राहून खाली बघा. पायाची नखं दिसली तर उतरा. पाऊल नुसतं पांढुरकं दिसत असेल तर दोन मीटरच्या पुढे काही दिसणार नाही. अंदमानचे फोटो बघून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : या किनाऱ्यावर चार-पाच मीटर दिसलं तर तो चांगला दिवस.

शेवटची परीक्षा ओढीची. नारळाच्या सोडणाचा तुकडा खडपाच्या कडेला पाण्यात टाका. मिनिटभरात तो आठ-दहा मीटरपेक्षा जास्त बाहेर सरकला तर तिथे प्रवाह आहे. वाळूवर चढलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि छोट्या पुळणीत ती वाट बहुतेक वेळा खडपाला लागूनच असते. आपण जिथे जाणार, नेमकी तिथेच.

पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून चालेल का?

एकट्याने, किनाऱ्यावरून, नाही. जॅकेट बुडू देत नाही, पण प्रवाहात परत आणतही नाही. पोहता न येणाऱ्यांनी अनुभवी गाइडबरोबर होडीवरचं स्नॉर्कलिंग करावं. त्यात कमीपणा काही नाही.

किनाऱ्यावरून उतरायचं तर न थांबता दोनशे मीटर पोहता यायला हवं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे उताणं होऊन पाच मिनिटं नुसतं तरंगता यायला हवं. तलावात शिकलेल्यांनी सुरुवातीला जॅकेट किंवा फुगवता येणारा स्नॉर्कल व्हेस्ट घालावाच. होडीवर मिळणारी जाड फोमची जॅकेटं मान मागे ढकलतात आणि तोंड पाण्यात राहू देत नाहीत. तळाचा पट्टा सैल असेल तर जॅकेट कानापर्यंत वर येतं. पट्टे आधी आवळा, मग पाण्यात उतरा.

मास्क निवडताना काय बघायचं?

पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावर, श्वास धरून ठेवेपर्यंत मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. गळून पडला तर कितीही महाग असो, गळणारच. कड सिलिकॉनची हवी, काच टेम्पर्ड हवी, आणि नाक बाहेरून चिमटीत धरता यायला हवं. नाक झाकणारे पण ते धरता न येणारे मास्क किंवा नाक उघडं ठेवणारे पोहण्याचे गॉगल इथे उपयोगाचे नाहीत.

संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली खूप विकले जातात. नाकाने श्वास घेता येतो म्हणून सोपे वाटतात. पण कडेचा किंवा झडपांचा दोष असला तर बाहेर टाकलेली हवा आतच राहते, नाक दाबता येत नसल्याने खाली सूर मारता येत नाही आणि पाणी शिरलं तर अख्खा मास्कच ओढून काढावा लागतो. आमचं मत साध्या दोन वस्तूंच्या बाजूने आहे : मास्क वेगळा, नळी वेगळी.

नळी 35 ते 40 सेंटिमीटरची असते आणि तेवढीच असावी. मोठी नळी जोडून खोल जाण्याची कल्पना दर मोसमात कोणीतरी काढतो. नळी लांबली की आपणच सोडलेली शिळी हवा परत आत येते, आणि मीटरभर खोलीवर छातीवर पाण्याचा एवढा दाब असतो की वरची हवा ओढून घेणंच जमत नाही.

मिशीमुळे मास्क गळतो. काढावी लागेल का?

नाकाखालची बोटाच्या जाडीएवढी पट्टी साफ केली तरी बराच फरक पडतो. तीही काढायची नसेल तर मिशीच्या वरच्या कडेला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन टाळा, पेट्रोलियम जेलीने रबर कालांतराने खराब होतं. थोडं गळणारच हे धरून चाला आणि मास्कमधलं पाणी काढायला शिका. केसांची बट किंवा टोपीची कड आत अडकली तरीही असंच गळतं. केस लांब असतील तर ते आधी ओले करून मागे घ्या.

आणि गळतोय म्हणून पट्टा आवळू नका. आवळला की कड मुडपते आणि जास्त गळतो. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, फक्त जागेवर राहील इतपत.

चष्मा आहे, काय करू?

चष्म्याच्या काड्या कडेतून हवा येऊ देतात, त्यामुळे मास्कच्या आत चष्मा चालत नाही. नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने. दूरचा नंबर दीडपर्यंत असेल तर नुसत्या मास्कनेही काम भागतं, कारण पाण्याखाली वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठी आणि जवळ दिसते. कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्या तर एक दिवस वापरून टाकायच्या.

काच धुरकट होते.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातल्या सिलिकॉनचा अदृश्य थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, बोटाने आतून दोन-तीन मिनिटं चोळा, धुवा, पुन्हा दोनदा करा. मग दर वेळी उतरण्याआधी कोरड्या काचेवर आतून थुंकी लावा, पसरवा आणि समुद्राच्या पाण्याने एकदाच खळबळून घ्या. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब चालतो. पाण्यात नाकाने हवा सोडत राहिलात तर मात्र कोणताही उपाय टिकणार नाही. श्वास तोंडानेच.

कपडे काय घालावेत?

लायक्राचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज, बायका-पुरुष दोघांनीही. पाठीवर ऊन लागत नाही, झार (जेलीफिश) चावली तर कमी लागते, खडप घासलं तर कातडी वाचते. सुती कुडता, ओढणी, जीन्स, साडी पाणी पिऊन जड होतात आणि पायांत अडकतात. मंगळसूत्र, अंगठी, पैंजण राहत्या खोलीत काढून ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी आपोआप सुटते. वाळूत पडलेली अंगठी पुन्हा दिसत नाही.

पायात रबरी तळाचे बूट हवेतच. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. फिन्स (पावलांत घालायची वल्ह्यासारखी पाती) आखूड घ्या आणि कमरेएवढ्या पाण्यात पोचल्यावर घाला. वाळूवर फिन्स घालून पुढे चालायला गेलात तर तोंडावर आपटाल. चालावंच लागलं तर उलटं चाला.

नळीत पाणी शिरलं की जीव घाबरतो.

सगळ्यांचाच घाबरतो, आणि त्यावर इलाज कमरेएवढ्या पाण्यातच करायचा. उभं राहा, वाकून तोंड पाण्यात घाला, शंभर श्वास मोजा. मग मुद्दाम नळीचं टोक बुडवा, पाणी शिरू द्या आणि फुंकणीत जोरात फुंकर मारावी तसं एकदम फुंका. पाणी वरून उडून जातं. पुढचा श्वास मात्र हळू आणि अर्धा घ्या, कारण तळाशी चमचाभर पाणी राहिलेलं असतं. जीभ टाळूकडे ठेवली की ते घशात जात नाही. फुंकायला हवा लागते, म्हणून छाती कधीच पूर्ण रिकामी करायची नाही.

मास्कमधलं पाणी काढायला वरची कड कपाळाशी दाबा, मान थोडी मागे न्या आणि नाकाने हळूहळू हवा सोडा. पाणी खालच्या कडेने निघून जातं. हे दोन्ही दहा-दहा वेळा जमलं की मगच पुढे.

माउथपीस दातांनी करकचून चावू नका. अर्ध्या तासात जबडा दुखायला लागतो. ओठांनी मिटा, दातांनी नुसता धरा.

खडपाच्या कडेने जायचा मार्ग कसा ठेवावा?

खडपापासून दहा-पंधरा मीटर लांब, वाळूवरूनच पाण्यात शिरा. दगडांवरून उतरायला गेलं की शेवाळावर पाय घसरतो. पोहायला लागल्यावर खडपाला समांतर, तीन-चार मीटर अंतर ठेवून चला. लाट आली तरी दगडावर फेकलं जाणार नाही आणि सगळं नीट दिसेल.

सुरुवात उत्तरेच्या खडपापासून. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे उत्तर टोकाच्या खडपावर सकाळी आधी उजेड पडतो. दक्षिण टोकाची आतली बाजू साडेआठ-नऊपर्यंत डोंगराच्या सावलीत काळी असते आणि तिथे काहीच रंग दिसत नाहीत.

हलका प्रवाह असेल तर आधी त्याच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर तोच परत आणेल. डोंगराचं टोक ही लक्ष्मणरेषा. टोकाला वळसा घातला की पुळणीचा आडोसा संपतो, पाणी खोल होतं, लाटा दोन दिशांनी येतात आणि मोटारीच्या होड्या नेमक्या तिथूनच वळतात. दोघांनी एकमेकांपासून पाच मीटरच्या आत राहायचं आणि मागे दोरीला भडक नारिंगी तरंगता फुगा ओढायचा. पाण्यात पालथं पडलेलं काळं डोकं होडीवाल्याला वीस मीटरवरूनही दिसत नाही. एकजण वाळूवर हवाच.

पाऊण तास पुरे. पाणी 26-28 अंशांचं असलं तरी न हलता तरंगणाऱ्या माणसाचं अंग थंड पडतं. दातावर दात आपटण्याआधी बाहेर या.

रापण चालू असेल तर?

उतरू नका. किनाऱ्यावर दोन ठिकाणी दोर धरून माणसं ओढत असतील तर मधल्या सगळ्या पाण्यात जाळं आहे. रापण पूर्ण ओढून होईपर्यंत थांबा. हात लावायला गेलात तर कोणी नको म्हणणार नाही, आणि जाळ्यात काय आलं ते बघून पाण्यात काय आहे त्याचा अंदाजही येतो.

पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा तेलाचे रिकामे पांढरे कॅन एका रेषेत दिसले की खाली जाळं लावलेलं आहे. त्या रेषेवरून पोहायचं नाही. खडपात अडकलेल्या तुटक्या जाळ्या आणि गरीचा नायलॉन दोरा पाण्यात जवळजवळ दिसत नाही. फिन अडकलं तर झटके देऊ नका, वळून हाताने सोडवा. बोथट टोकाची छोटी कात्री खिशात असावी.

दिसतं काय?

जिथे खडक संपून वाळू सुरू होते, ती दोन-तीन मीटर खोलीची कड धरून नुसतं तरंगा. हात-पाय हलवू नका. पहिल्या मिनिटात काहीच दिसत नाही. दुसऱ्या मिनिटाला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे चपटे मासे फटीतून बाहेर येतात, मागोमाग फुलपाखरू मासे जोडीने. पोपटमासा दगड खरवडतो त्याचा कुर्रकुर्र आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. दगडाखालच्या सावलीत तोंड बाहेर काढून बसलेलं हेकरू, तांबोशीची पिल्लं, आणि कुठेही बिनधास्त फिरणारा केंड.

प्रवाळ म्हटल्यावर रंगीबेरंगी बगीचा डोक्यात असतो. इथलं प्रवाळ गाळाला सरावलेलं आहे : तपकिरी, करडे, दगडाला लगडलेले गोळे आणि वाकड्या पानांसारखे थर. सरकत जाणाऱ्याला ते दगडच वाटतं. थांबून बघितलं तर त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक खोकी दिसतात. प्रत्येक खोकं म्हणजे एक जीव.

खाली सूर मारता येईल का?

दोन-तीन मीटर, कान मोकळे करता येत असतील तर. खाली जाताना पहिल्या मीटरलाच, दुखण्याआधी, नाक चिमटीत धरून हळूच फुंका. सर्दी असताना नाही. आणि उतरण्याआधी भराभर दहा-वीस खोल श्वास घेऊन दम वाढवण्याची युक्ती कधीही करू नका. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वास घ्यायची इच्छाच होत नाही आणि माणूस पूर्वसूचना न मिळता पाण्यात बेशुद्ध होतो. हा अपघात चांगल्या पोहणाऱ्यांचाच होतो.

दम लागला किंवा ओढीत सापडलो तर?

दम लागला की नळी तोंडातून काढा, उताणे व्हा, तरंगा. अरुंद नळीतून जोरजोरात हवा ओढत राहिल्याने काही वेळा फुप्फुसात पाणी साचू शकतं. थांबूनही धाप कमी होत नसेल, खोकल्यात फेस येत असेल तर बाहेर या आणि दवाखाना गाठा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं.

ओढीशी झुंजू नका. ती अरुंद असते. किनाऱ्याला समांतर, खडपापासून दूर, मधल्या वाळूच्या दिशेने पोहा आणि मग लाटांबरोबर आत या. जमत नसेल तर तरंगत राहा, हात वर करा, शिट्टी वाजवा.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, मडक्यावर झोपवणं यातलं काहीही करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं श्वासनलिकेत जातं. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112, समुद्रात कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

काय चावू-टोचू शकतं?

झार, म्हणजे जेलीफिश. लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा. गोडं पाणी, वाळूने चोळणं, लघवी, सगळं वर्ज्य. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, वीस मिनिटं ते अर्धा तास भाग बुडवून ठेवला की वेदना उतरते. श्वास लागला, चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

पाकट (स्टिंगरे) वाळूत अंग पुरून बसते. उथळ पाण्यात पाऊल न उचलता सरकवत चाला, ती आधीच पळते. काटा लागलाच तर गरम पाण्याचाच उपाय, त्यानंतर डॉक्टर. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा स्वतः काढू नका.

कालवाने कापणं मात्र सगळ्यात जास्त घडतं. जखम बारीक दिसते, आत शंखाची कपची राहते. साबण-पाण्याने नीट धुवा, कपची काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं असेल तर घ्या. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी लालसरपणा वाढतोय असं दिसताच थांबू नये. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू एका दिवसात जखम चिघळवतात.

माशांना पाव टाकला की ते जवळ येतात, मग टाकू का?

येतात, आणि फोटो छान येतो. काही होडीवाले टाकतातही. पण पावाला सोकावलेले दांडगे मासे इतरांना हुसकावतात आणि दगड खरवडून शेवाळ साफ ठेवायचं मूळ काम सोडून देतात. शांत तरंगलात तर पाव लागत नाही.

पडलेलं प्रवाळ किंवा शिंपले उचलले तर चालतं?

दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाळूवर पडलेला मृत तुकडा पिशवीत सापडला तरी गुन्हा होतो. काही शंखांनाही संरक्षण आहे, आणि सामान्य माणसाला त्यातला फरक ओळखता येत नाही. त्यामुळे काहीच उचलू नका. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. तिथे नियम आणखी कडक. बाहेरच्या पुळणींवरही खडपावर उभं राहून विश्रांती घेणं, दगड उलटवून बघणं, प्रवाळावर फिन मारणं टाळा. एका लाथेने तुटतं ते कित्येक वर्षांत वाढलेलं असतं.

सनस्क्रीन लावायचं तर झिंक ऑक्साइडचं. ऑक्सिबेन्झोन असलेल्या क्रीमची विक्री हवाई राज्यात 2021 पासून प्रवाळाला इजा होते म्हणून बंद आहे. मानेला आणि पायांच्या पोटऱ्यांना लावायला विसरू नका, पालथं तरंगताना तेच भाजतात.

मुलांना नेऊ का?

पोहता येणारी आठ-नऊ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. मास्क मुलांच्या मापाचाच हवा, नळीही बारीक आणि आखूड. एका मुलामागे एक मोठं माणूस, हाताच्या अंतरावर. वेळ वीस मिनिटं.

जेवून उतरावं की उपाशी?

दोन घावणे आणि चहा, तासाभराने पाणी. उपाशीपोटी चक्कर येते, आणि मासळीचं ताट जेवून पालथं तरंगलं की सगळं वर येतं. दारू प्यायलेल्याने वाळूवरच बसावं. जवळ गोडं पाणी ठेवा. नळीतून श्वास घेताना घसा विलक्षण कोरडा पडतो.

यापेक्षा अंदमान किंवा कर्नाटकातलं नेत्राणी बेट बरं नाही का?

पाण्याच्या पारदर्शकतेत, हो. पण तिथे विमान किंवा होडी लागते. कुडाळ स्टेशनावरून तासाभरात पोचून, कोणाचं पॅकेज न घेता, सकाळी सातला उतरता येतं ते इथे.

सामान कसं टिकवायचं?

मास्क, नळी, फिन्स गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा, नुसतं नळाखाली धरून मीठ निघत नाही. नळीच्या तळाची झडप बोटाने हलवून वाळूचा कण अडकला नाही ना ते बघा. एक कण राहिला तरी पुढच्या वेळी दर श्वासाला पाणी येतं. सावलीत वाळवा. फिन्स भिंतीला टेकवून पात्यांवर उभ्या ठेवल्या की वाकतात, आडव्या ठेवा. मास्क डब्यात, आणि काळ्या रबराच्या वस्तूंपासून वेगळा, नाहीतर पारदर्शक सिलिकॉनवर तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत.